वाचलेल्या पुस्तकाबद्दल कुठे बोलावं? गट, चॅट, पत्र, समास आणि तारे

पुस्तक मिटल्यानंतरचे पहिले काही तास वेगळेच असतात. एखाद्या पात्राचा राग आलेला असतो, एखादं वाक्य राहून राहून आठवत असतं, आणि हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. सांगायला जागा पुष्कळ आहेत. गेल्या काही वर्षांत मी त्यातल्या बऱ्याच वापरून पाहिल्या: महिन्यातून एकदा जमणारा वाचनगट, व्हॉट्सॲपवरचा गट, एका मैत्रिणीशी चाललेला पत्रव्यवहार, समासात पेन्सिलीने लिहून एकमेकींना दिलेली पुस्तकं आणि गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर पुस्तकांना दिले जाणारे तारे. यातलं काय निवडू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तुम्हाला मन मोकळं करायचंय, दुसऱ्याला ते पुस्तक कसं दिसलं हे ऐकायचंय, की पुढे काय वाचावं ते शोधायचंय? या तीन गरजा एकाच ठिकाणी भागत नाहीत. मी त्या एकाच ठिकाणी भागवायला गेले आणि वर्षभर हिरमुसले.

एक गोष्ट मात्र कुठलीही जागा निवडली तरी करा. दुसऱ्या कुणाचं मत कानावर पडायच्या आत आपलं मत चार ओळींत लिहून ठेवा. हे मला वाचनगटात कळलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

वाचनगट

समोरासमोर बसून बोलण्याला तोड नाही, हे खरं आहे. कुणीतरी पुस्तक उघडून एक परिच्छेद मोठ्याने वाचतं आणि आपण ज्यावरून घाईत पुढे गेलो होतो ती ओळ अचानक ऐकू येते. शिवाय तारीख ठरलेली असते, म्हणून पुस्तक वाचून होतं. आणि आपण आपणहून कधी हातात घेतलं नसतं असं काहीतरी वाचलं जातं.

पण गटात पहिलं कोण बोलतं, यावर फार काही ठरतं. एकदा आम्ही नऊजण एका कादंबरीवर बोलायला जमलो होतो. घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईची ती गोष्ट. वाचताना माझी चिडचिड झाली होती. त्या बाईचं वाट पाहणं लेखकाने इतकं सुंदर करून ठेवलं होतं, की तिला स्वतःला काय हवं होतं हे तीनशे पानांत कुणी विचारत नाही. गटातल्या सर्वांत जास्त वाचलेल्या गृहस्थांनी सुरुवात केली: आईपणाचं इतकं तरल चित्रण फार दिवसांनी वाचलं. पुढच्या तिघांनी माना डोलावल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "भाषा फार छान आहे." ते खोटं नव्हतं, पण मला जे वाटलं होतं ते हे नव्हतं. घरी निघताना जिन्यात दुसरी एक जण हळूच म्हणाली, "मला ती बाई दिसलीच नाही हो, नुसतं वाट पाहणं दिसलं." आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. दोघींच्या मनात एकच गोष्ट होती आणि दोघीही गप्प राहिलो होतो.

असं सगळ्यांचंच होतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. तीन रेषांपैकी कोणती नमुन्याच्या रेषेएवढी आहे, एवढंच सांगायचं. उत्तर डोळ्यांसमोर असे. पण आधी बोलणारे सगळे प्रयोगकर्त्याचेच साथीदार असत आणि ठरवून एकच चुकीचं उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तरामागे गेले. रेषांच्या बाबतीत ही गत, तर कादंबरीत कुठली पट्टी लावणार? त्याच प्रयोगांत पुढे आणखी दोन गोष्टी दिसल्या, त्या वाचकांच्या फार कामाच्या आहेत. बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी माणसं कितीतरी कमी वेळा ढळली. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचं असेल, तेव्हाही तसंच.

म्हणून आम्ही पद्धत बदलली. प्रत्येकाने घरून चार ओळींची चिठ्ठी लिहून आणायची, आल्या आल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या, आणि चर्चा त्यानंतर. पहिल्याच खेपेला नऊपैकी चौघांनी पुस्तक अर्धवट सोडल्याचं लिहून आणलं होतं. आधीच्या पद्धतीत हे कधीच बाहेर आलं नसतं. त्या दिवशी सर्वांत चांगली चर्चा "कुठे सोडलं आणि का" यावरच झाली.

गट निवडताना माणसं मोजा. दीड तासात नऊजणांना प्रत्येकी दहा मिनिटं मिळतात, वीसजणांना साडेचार. साडेचार मिनिटांत मत सांगून होतं, पण त्या मतापर्यंत कसे आलो हे सांगता येत नाही. आणखी एक बघा: सगळे एकच पुस्तक वाचतात की ज्याचं त्याचं वेगळं? वेगळं असेल तर अर्धा वेळ कथानक सांगण्यात जातो आणि ऐकणाऱ्याला दुजोरा द्यायला किंवा वाद घालायला काही उरत नाही. पुढे काय वाचावं याची यादी हवी असेल तर तसा गट उत्तम. आपल्याला जे वाटलं त्याला कुणी भिडावं असं वाटत असेल, तर एकच पुस्तक वाचणारा लहान गट शोधा.

व्हॉट्सॲपचा गट

ताजेपणात याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. रात्री साडेअकराला शेवटचं पान संपवून तुम्ही "आत्ता संपलं. झोप येणार नाही" एवढंच लिहिता आणि दोन मिनिटांत कुणीतरी जागं असतं. आधाराची गरज असते तेव्हा ही सोय मोलाची आहे.

पण तिथे मत टिकत नाही. एका गटात 1024 माणसं मावतात. त्यातल्या पन्नासांनी जरी सकाळी काही टाकलं, तरी तुमचा परिच्छेद दुपारपर्यंत वर कुठेतरी गेलेला असतो. उत्तरंही त्याच मापाची येतात: "वा", अंगठा, "यादीत घातलं". तुम्ही एका पानावर रडला होतात, आणि समोरून अंगठा. पाठवणाऱ्याची चूक नसते, त्या जागेत एवढंच मावतं. दुसरी अडचण शेवट फुटण्याची. कुणी साठाव्या पानावर असतं, कुणी तीनशेव्या. टेलिग्रामवर मजकूर झाकून पाठवायची सोय आहे, बोट लावल्यावरच तो दिसतो. मोठ्या गटात मला ती फार उपयोगी वाटते. नाहीतर पहिल्या ओळीत "शेवटाबद्दल लिहिलंय" असं सांगून खाली बऱ्याच ओळी मोकळ्या सोडायच्या.

व्हॉट्सॲपवरची मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे आवाजातला निरोप, तोही गटात नव्हे, एकाच माणसाला. वडिलांच्या आजारपणाबद्दलचं एक पुस्तक वाचून मैत्रिणीने मला चार मिनिटांचा निरोप पाठवला होता. तिसऱ्या मिनिटाला ती थांबली. दहा-बारा सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "ते औषधाच्या डब्याचं पान वाचलंस ना?" त्या थांबण्यात तिला काय वाटलं ते सगळं होतं. लिहिताना तिने तेवढंच गाळलं असतं. एकच उणीव: सहा महिन्यांनी तो निरोप शोधायला जाल तर फार वर जावं लागतं.

एका माणसाला पत्र

मला एकच जागा ठेवायची झाली तर मी ही ठेवीन. पत्र म्हणजे कागदच हवा असं नाही, लांब ईमेलही चालतं. महत्त्वाचं एवढंच, की वाचणारा एक आहे आणि उत्तराची घाई नाही.

एका माणसाला लिहिताना सूर आपोआप बदलतो. "ही कादंबरी वाचनीय आहे" असं वाक्य मैत्रिणीला लिहिताना हात अडखळतो, कारण ती लगेच विचारणार, म्हणजे काय? वाचनीय, संग्राह्य, अंतर्मुख करणारं, खिळवून ठेवणारं हे शब्द परीक्षणात खपून जातात. पत्रात त्यांच्या जागी सांगावं लागतं की 84व्या पानावर मी पुस्तक पालथं ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मराठीत याचं मोठं उदाहरण म्हणजे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार. दोघांच्या भेटी मोजक्याच, पण वाचलेलं, पाहिलेलं, पटलेलं आणि न पटलेलं सगळं पत्रांत उतरलं. ती पत्रं वाचताना मला जाणवतं की समोरचा माणूस आपल्यापेक्षा वेगळं वाचतो याचा आनंद त्यात मतं जुळल्याच्या आनंदाहून जास्त आहे.

आणि जोडीदार निवडताना नेमकं हेच बघावं. माझी मैत्रीण चरित्रं आणि इतिहास वाचते, मी कथा-कादंबऱ्या. एकदा एका कादंबरीतल्या खोटं बोलणाऱ्या निवेदकाबद्दल मी तिला तीन पानं लिहिली. किती कौशल्याने फसवलंय म्हणून खूश होते. तिचं उत्तर बारा दिवसांनी आलं. तिने एकच विचारलं होतं: "तो खोटं बोलतोय हे तुला कळल्यावरही तुला तो आवडत राहिला, ते का?" त्या प्रश्नासाठी मी अख्खी कादंबरी पुन्हा वाचली. माझ्याच आवडीनिवडीची दुसरी कुणी असती तर आम्ही दोघींनी मिळून लेखकाचं कौतुक केलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

पत्रात तोटे आहेतच. वेळ लागतो. एकीचं आयुष्य धावपळीचं झालं की दोन महिने काहीच येत नाही, आणि दुसरीला वाटतं आपलं काही चुकलं. आम्ही म्हणून आधीच ठरवून टाकलं: उत्तर उशिरा आलं तर कारण विचारायचं नाही, माफी मागायची नाही, सरळ पुस्तकावर यायचं.

समासातली पेन्सिल

पत्राचंच हे धाकटं भावंड. आपण वाचताना समासात खुणा करायच्या, मग पुस्तक दुसऱ्याला द्यायचं, त्याने वेगळ्या रंगात त्याच्या करायच्या. इंग्रज कवी कोलरिज यासाठी इतका नावाजलेला होता की मित्र त्याला मुद्दाम आपली पुस्तकं देत. समासातल्या नोंदींसाठीचा 'मार्जिनेलिया' हा शब्द इंग्रजीत रुळवण्याचं श्रेयही त्यालाच देतात. त्याच्याकडून परत आलेल्या पुस्तकाची किंमत तिप्पट झालेली असते, असं त्याचा मित्र चार्ल्स लॅम्बने लिहून ठेवलंय.

बाकी सगळीकडे मत वाचून झाल्यावरचं असतं, समासात ते वाचता वाचताचं. मैत्रिणीकडून आलेल्या एका पुस्तकात 40व्या पानावर "हा माणूस मला आवडणार नाही" असं लिहिलेलं होतं आणि 190व्या पानावर त्याच माणसाच्या नावाखाली दोनदा रेघ. शेजारी बारीक अक्षरात "चुकले". मधल्या दीडशे पानांत तिचं मन कसं वळलं ते मी पानापानाने पाहिलं. शेवटी मत विचारलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती, की नायक आवडला. ग्रंथालयाच्या किंवा उसन्या पुस्तकात मात्र पेन्सिल लावू नका. तिथे पानांत चिठ्ठ्या ठेवा.

तारे

गुडरीड्स 2007पासून आहे, 2013मध्ये ते ॲमेझॉनने घेतलं. काय वाचलं, कधी वाचलं, पुढे काय वाचायचंय याची नोंद ठेवायला ते चांगलं आहे आणि मी त्यासाठी वापरते. प्रतिक्रिया सांगायला मात्र तारे अपुरे पडतात. तिथे दोन ताऱ्यांचा अर्थ "ठीक आहे" असा दिलेला आहे आणि तीन ताऱ्यांचा "आवडलं". पण दोन तारे दिसले की बहुतेकांना पुस्तक वाईट वाटतं, आणि तीन दिसले की बेतास बात. देणाऱ्याच्या मनातलं एक, घेणाऱ्याच्या मनातलं दुसरं. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर पाव ताऱ्यापर्यंत बारकावा आहे, तरी मूळ अडचण तीच. आईपणाच्या त्या कादंबरीला मी किती तारे देऊ? भाषेला पाच आणि त्या बाईला विसरल्याबद्दल एक, याची सरासरी तीन येते. त्या तिनात मला वाटलेलं काहीच नाही.

तर मग कुणी काय निवडावं

नुकतंच वाचायला लागलेल्याला मी गटात जायला सांगेन. तारीख आणि सोबत या दोन गोष्टींनी वाचन टिकतं. एकटं राहणाऱ्याला आणि रात्री वाचणाऱ्याला चॅटचा गट हवाच, पण खोल बोलण्याची अपेक्षा तिथे ठेवू नये. ज्यांना चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडतो त्यांनी गटाच्या नादी न लागता थेट पत्र किंवा समास घ्यावा. अशी माणसं अनेकदा सर्वांत बारकाईने वाचत असतात आणि गटात त्यांचं वाचन कुणाला कळतच नाही. भरपूर वाचणाऱ्यांनी ताऱ्यांवर यादी ठेवावी आणि वर्षातल्या तीन-चार पुस्तकांसाठीच पत्र लिहावं. सगळ्यांवर लिहायला गेलात की पत्राची परीक्षणं होतात.

पत्राला जोडीदार नसेल तर गटातूनच मिळतो. मला तशीच मिळाली. जिन्यात हळूच बोललेली ती बाई म्हणजेच माझी ही मैत्रीण. दुसऱ्या दिवशी मी तिला त्या कादंबरीबद्दल लिहिलं. सारांश दिला नाही, तिने ती वाचलीच होती. पानांचे आकडे दिले, कुठे चिडले ते सांगितलं आणि खाली विचारलं, "तुम्हाला ती बाई कुठल्या पानावर दिसेनाशी झाली?" चार दिवसांनी उत्तर आलं. त्यात अकरा पानांचे आकडे होते आणि शेवटी एक ओळ: "आता अहो-जाहो नको."