डायनोचा कागद: 66 चे 96 कसे झाले

कागदावर 96 छापलंय. लाल, जाड ठशात, खाली सही. डायनो म्हणजे इंजिनाची ताकद मोजायचं रोलरचं मशीन. ट्यूनिंगच्या आधी 66 हॉर्सपॉवर, डायनोवरनं उतरताना 96. तीस घोडे वाढले म्हणून त्या दिवशी मी ट्यूनिंग करणाऱ्या माणसाला वरनं अर्धा किलो कुंदाही बांधून दिला. आज तोच कागद पुढ्यात घेऊन लिहायला बसलोय.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. बावीस वर्षं लेथ आणि मिलिंग. आमच्याकडे फाउंड्री आणि मशीन शॉप इतकी की पाइप वाकवणारा, टिग वेल्डर, पावडर कोटिंगवाला, सगळे हाकेच्या अंतरावर. त्या जिवावर येळ्ळूर रोडच्या शेडमध्ये तीन वर्षं रविवार-रविवार करून एक बग्गी उभी केली. पाइपची फ्रेम, मागच्या बाजूला मारुती एस्टीमचं 1298 सीसी, 16 वाल्वचं इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स. रस्त्यासाठी नाहीच ती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे पासिंग झालेल्या गाडीतसुद्धा परस्पर बदल करता येत नाहीत, तिथे या घरच्या गाडीला नंबर कोण देणार? माळावर चालवायची, ऑटोक्रॉसला, म्हणजे मातीतल्या शर्यतीला न्यायची, आणि न्यायची ती पिकअपमध्ये घालून.

कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा कॉम्प्युटर, या खटाटोपाला जुळेना, म्हणून वेगळा, सगळे आकडे आपण भरू शकतो असला ईसीयू घ्यायचं ठरलं. त्यात कुठल्या आरपीएमला, किती लोडला किती पेट्रोल आणि ठिणगी किती अंश आधी, हे भरायला डायनो लागतो. गाडी पट्ट्यांनी बांधून चाकं रोलरवर ठेवायची, म्हणजे पूर्ण ॲक्सिलेटर देऊनही गाडी जागच्या जागी, आणि बघणारा शांतपणे लॅपटॉपवर बघतो. हे मला माहीत होतं. करणारा माणूस माहीत नव्हता.

तो एका मित्राच्या ओळखीनं आला. स्वतःचा डायनो नाही, महाराष्ट्रातला एक डायनो तासावर भाड्यानं घ्यायचा. पहिल्याच फोनला म्हणाला, "दादा, तयारी माझ्यावर सोडा. रोलरवर चढल्यावर एक होज लीक निघाला तरी तासाचे पैसे जातात." बोलणं खोटं नव्हतं, तिथंच मी गळाला लागलो. बिलाचं विचारलं तर, "आपलीच माणसं हो, बिल कशाला, आपल्यात आपण." सीमाभागात मराठी माणसाला 'आपलीच माणसं' म्हटलं की तो पुढचं विचारत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ईसीयू 42,000, तयारी 14,000, ट्यूनिंग आणि डायनो 18,000. तीन हप्त्यांत, फोनवरनं. बायको म्हणाली, "मी तेव्हाच म्हणालो होतो, बिल घे म्हणून." (आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, चूक काढू नका.)

तयारीला तो दोन दिवस शेडमध्ये होता. पहिला दिवस बराचसा चहात गेला. मग मला म्हणाला, पुढच्या टायरांची हवा बघा, फ्रेमला पट्टा अडकवायला चार कड्या वेल्ड करा, टाकी भरून आणा. ही कामं खरीच लागतात आणि मी ती नीट केली. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, त्यामुळे लांब पाइपातली हवा काढायला एक तास गेला, तेही मीच केलं. इंजिनाची कामं मात्र तो करायचा, आणि नेमकी तेव्हा मला बाहेरची कामं असायची. परत आलो की वहीत लिहिलेलं असे. कॉम्प्रेशन: 180, 180, 180, 180. प्लग: नवे, 7 नंबर (जुन्या 6 पेक्षा एक आकडा थंड). वाइडबँड सेन्सर (सायलेन्सरच्या धुरावरनं हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा): बसवला. टायमिंग: ओके.

आता मागे वळून ती वही बघतो तर हसू येतं. चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन काट्याला काटा सारखं! ही गाडी जुन्या बाजारातलं इंजिन घेऊन केलेली, चारांत पाच-सात पीएसआयचा फरक असणारच. मी दिवसभर बोअर डायल लावून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा माणूस, आणि इथे गेज कुठाय, दाखव, असं एकदाही म्हटलं नाही.

टायमिंगचं तर जास्तच लागलं मनाला. क्रँकवरचं 36 दातांचं, एक दात मोकळा सोडलेलं चाक मीच मिलिंगवर काढलं होतं. तो मोकळा दात पहिल्या पिस्टनच्या वरच्या टोकापासून नेमका किती अंशांवर आहे हे ईसीयूला सांगावं लागतं. मग ईसीयूत टायमिंग 10 अंशांवर लॉक करायचं, पुलीवर टायमिंग लाइट मारायचा आणि खूण 10 वरच दिसते का ते डोळ्यानं बघायचं. दहा मिनिटांचं काम. मी विचारलं तर म्हणाला, "लॅपटॉपवर 10 दिसतंय की." लॅपटॉपवर दिसणारच, तो भरलेलाच आकडा परत दाखवतो. मला हे कळत होतं, तरी गप्प राहिलो. घरात पाव्हणा आला म्हणून.

डायनोचा दिवस चांगला गेला, हे कबूल करतो. पंखा पुढे, गाडी बांधलेली, सायलेन्सरचा आवाज भिंतीवर आपटतोय, आणि डॅशवर त्यानं लावलेल्या गेजमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण 12.8. पूर्ण ॲक्सिलेटरला 12.8 म्हणजे पेट्रोल इंजिनाला अगदी हवं तसं. आयडलला, म्हणजे ॲक्सिलेटर न देता नुसतं चालू असतानाही, 12.8 च्या आसपासच डुलत होतं, जिथं 14.7 च्या जवळ असायला हवं होतं. मला वाटलं, वा, काय स्थिर आहे! तीन वेळा ओढली, त्यानं लॅपटॉपवर काहीतरी केलं, परत दोनदा ओढली. संध्याकाळी कागद हातात. 66 चे 96.

तिसऱ्या रविवारी मित्राच्या शेताकडच्या माळावर चौथ्या गिअरात पाय दाबला आणि मागनं फुटाणे भाजल्यासारखा आवाज आला. दोन सेकंद. मग निळा धूर.

हेड काढलं. तिसऱ्या पिस्टनचा माथा वाळूचा मारा केल्यासारखा खरवडलेला, आणि दोन रिंगांमधली भिंत तुटून तुकडा खाली. हे डिटोनेशनचं काम, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटणं. ठिणगी फार लवकर, किंवा पेट्रोल कमी, किंवा दोन्ही. प्लग काढून पाना बाजूला ठेवला आणि चिनीमातीवरचा आकडा वाचला. बीकेआर6. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. वहीत नवे 7 होते, इंजिनात तारेच्या ब्रशनं घासलेले माझेच जुने 6. ब्रशच्या रेघा इलेक्ट्रोडवर अजून दिसत होत्या.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. की ऑन केली, इंजिन बंद, सायलेन्सर गार. बाहेरच्या हवेत सेन्सरनं प्रमाण पट्टीच्या टोकाला न्यायला हवं. गेज म्हणालं 12.8. मागचं झाकण उघडलं तर सेन्सरची वायर कापून टेप गुंडाळलेली, आत फक्त आकडा डुलवणारा डिस्प्ले. शहापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून टायमिंग लाइट आणला, प्लग बाहेर ठेवून स्टार्टरवर इंजिन फिरवलं. लॅपटॉप म्हणे 10, पुलीवर खूण 16 वर. सगळीकडे ठिणगी सहा अंश आधी.

राहिला कागद. रात्री जेवण झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. बीएचपी म्हणजे न्यूटन-मीटरला आरपीएमनं गुणायचं आणि 7121 नं भागायचं, यात कुणाचं मत चालत नाही. कागदावर 6000 आरपीएमला 96 बीएचपी आणि त्याच ओळीत टॉर्क 81. 81 गुणिले 6000 भागिले 7121. उत्तर आलं 68. मी तीनदा केलं. 68.

मूळ फाइल मागायला डायनोवाल्याला फोन केला. त्या माणसानं अर्ध्या तासात दोन्ही रन, म्हणजे गाडी ओढल्याच्या नोंदी, पाठवून दिल्या, कागद मात्र त्याच्या मशिनीतनं निघालेलाच नव्हता. आधीचा रन चाकावर 66, नंतरचा चाकावर 68. दोन घोडे. 96 असा झाला होता: आपल्याकडे घाटमाथ्यावर हवा विरळ, त्यात उन्हाळा, म्हणून समुद्रसपाटीच्या, गार हवेच्या हिशेबात आणायला आकडा वाढवतात. ही दुरुस्ती खरी आणि मान्य आहे. बेळगाव साडेसातशे मीटरच्या वर आहे, तिथे दहा टक्क्यांचा फरक सहज येतो. ट्यूनिंगवाल्यानं त्यातली सगळ्यात उदार पद्धत निवडून 13 टक्के वाढवले, झाले 77. मग गिअरबॉक्स-एक्सलमध्ये 20 टक्के जातात असं धरून 0.8 नं भागलं, झाले 96. आणि 'आधी'च्या 66 ला यातलं काहीच लावलं नाही. एका बाजूला चाकावरचा कच्चा आकडा, दुसऱ्या बाजूला फ्लायव्हीलचा, म्हणजे थेट इंजिनाचा, फुगवलेला. टॉर्कचा कॉलम बदलायला तेवढा विसरला.

ईसीयू स्वतः दुरुस्त करावा म्हटलं तर पासवर्ड. ट्यूनिंगवाल्याला फोन केला तर, "मॅप (ईसीयूत भरलेले आकडे) माझी मेहनत आहे, अनलॉकचे 20,000 होतील." पुढचा फोन लागला नाही.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो, कारण सीमेवर राहणाऱ्याची इथं हमखास फरफट होते. पैसे गेले कर्नाटकातनं, डायनो महाराष्ट्रात, माणूस तिसरीकडे. इकडचे म्हणाले तिकडे जा, तिकडचे म्हणाले इकडे. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही, हे एका वकील मित्रानं सांगितल्यावर अर्ज घेतला गेला. ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. तिथे बिल मागितलं. माझ्याकडे फोनवरच्या पावत्या, वहीचे फोटो आणि मूळ फाइल, एवढंच. वकील म्हणाला चालेल, पण बिल असतं तर बरं झालं असतं. घरी हे सांगितलं नाही.

सध्या इंजिन बाकावर आहे. बोअर 0.50 ओव्हरसाइजला घेतला, माझ्याच हातानं. पुढच्या वेळी गाडी रोलरवर चढायच्या आधी कॉम्प्रेशनचे चार आकडे मी माझ्या गेजवर घेणार, टायमिंग लाइट पुलीवर मी धरणार, ईसीयूचा पासवर्ड पैसे द्यायच्या आधी माझ्या वहीत असणार, आणि रनची मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पट्टे सोडू देणार नाही. तयारी घरीच, दोन रविवार गेले तरी चालतील.

हे लिहायचं मनात नव्हतं, लाज वाटत होती. पण परवा निपाणीहून एका पोराचा फोन आला, कुणीतरी माझा नंबर दिलेला. त्याची झेनच्या इंजिनाची गाडी आहे, पुढच्या आठवड्यात डायनो. "तो दादा म्हणाला, तयारी माझ्यावर सोड." मी विचारलं, पैसे दिलेस का. म्हणाला, दहा हजार दिले, काल शेडमध्ये येऊन प्लग पण बदलून गेला, आता काय करू?

मी म्हटलं, आधी एक प्लग काढ आणि आकडा वाच. फोन चालू ठेव.