जुनी मॅच रायफल घेण्यापूर्वी सिलिंडरवरची तारीख वाचा

२०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून आमच्या सांगलीत नेमबाजीचा विषय अनेक घरांत निघू लागला आणि जुन्या रायफली विकणारेही ओळखीपाळखीतून घरापर्यंत पोहोचू लागले. माझ्या मुलीसाठी १० मीटर एअर रायफल घेताना अशाच एका विक्रेत्याने आम्हाला फसवले. तसे आणखी कोणा पालकांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने प्रथम दुर्बीण लावलेली एक रायफल दाखवली आणि छर्रा किती वेगाने सुटतो याचे फार कौतुक केले. सामन्यात दुर्बीण चालत नाही, मागे डायॉप्टर (बारीक छिद्रातून पाहायची चकती) आणि पुढे रिंग असलेली, नेम धरायची साइटच लागते आणि दहा मीटरवर जास्त वेगाचा काही उपयोग नसतो, हे प्रशिक्षकांनी आम्हाला सांगितले होते. म्हणून ती बाजूला ठेवली. मग त्याने जर्मन बनावटीची जुनी मॅच रायफल, म्हणजे सामन्यासाठीची रायफल, काढली. अशी रायफल नवी घ्यायची तर लाखांत खर्च होतो. ही निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती, वजन साडेपाच किलोच्या मर्यादेत होते आणि मुलीच्या खांद्याला बटही नीट बसत होता. दाबाची हवा भरायचा सिलिंडर नवा बसवला आहे, असे त्याने आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले.

क्लबमधल्या रायफल दुरुस्त करणाऱ्या कारागिराने सिलिंडरवरचे गुळगुळीत लेबल नखाने सोलले, तेव्हा खाली धातूवर ठोकलेले २०११ हे साल दिसले. बहुतेक उत्पादक सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत वापरता येत नाही. हा केवळ नियमाचा प्रश्न नाही. त्यात २०० बारपर्यंत दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या सुमारे नव्वदपट, आणि ते नळकांडे नेमबाजाच्या डाव्या हातालगत असते. माझ्या मुलीच्या हातात हे देताना त्या माणसाला काहीच वाटले नाही, याचा संताप अजून जात नाही. डायॉप्टरही दुसऱ्याच कुठल्या रायफलचा निघाला. साइट सरकवायचा स्क्रू दोन क्लिक (खाचा) उजवीकडे नेऊन परत आणला, तरी छर्रा मूळ जागी लागत नव्हता. जिथे लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर आहे, तिथे अशा साइटवर सराव करणे व्यर्थ आहे.

पैसे परत मागितले, तेव्हा त्याने धमकावले की रायफलीला परवाना नाही, तक्रार केलीत तर तुम्हीच पोलिसांत अडकाल. ही सरळ थाप होती. ४.५ मिलिमीटर बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि सामन्याच्या रायफलची ऊर्जा त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. अनेक कुटुंबे याच भीतीने गप्प बसत असतील, असे मला वाटते. शिवाय त्याने दिलेल्या पावतीवर फक्त ‘क्रीडा साहित्य’ लिहिले होते. ना मॉडेल, ना अनुक्रमांक.

विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला असला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आम्ही सोललेल्या लेबलचे आणि ठोकलेल्या सालाचे छायाचित्र, पैसे पाठवल्याची नोंद आणि त्याचे संदेश जोडून सांगलीत तक्रार दिली आहे.

जुनी रायफल घेणाऱ्यांनी सिलिंडरवरचे लेबल विक्रेत्यासमोरच काढायला लावावे. हवा भरून रायफल एक रात्र ठेवावी आणि सकाळी दाबाचा काटा उतरला आहे का ते पाहावे. रायफल टेकणीवर ठेवून चपट्या तोंडाच्या मॅच छर्र्यांनी दहा मीटरवर कागदावर गट पाडून घ्यावा, म्हणजे एकाच नेमावर अनेक छर्रे झाडून ते किती जवळजवळ लागतात ते पाहावे, आणि मॉडेल, अनुक्रमांक व सिलिंडरचे साल पावतीवर लिहून मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.