धार आहे, पण गाजर फुटतं: सुरी पाजळायची की पातळ करायची?

टोमॅटोच्या सालीवर सुरी टेकवली की नुसत्या वजनाने आत शिरते. कोथिंबीर चेचली न जाता चिरली जाते. आणि तरी जाडसर गाजर घेतलं की सुरी अर्ध्यात अडकते, तळहात दाबावा लागतो आणि शेवटी 'कट्' आवाज करून गाजर फुटतं. जपानी सुरी हौसेने घेऊन दोनेक वर्षं वापरली की ही तक्रार हमखास सुरू होते. त्यावर उपाय म्हणून लोक आणखी बारीक दाण्याचा निसणा विकत घेतात. मीही घेतला, ६००० नंबरचा. टोमॅटो आणखी सुरेख कापले जाऊ लागले. गाजर फुटायचं ते फुटतच राहिलं.

टोमॅटोवर धार कळते, गाजरावर धारेमागची जाडी. पातं पाठीकडून धारेकडे निमुळतं होत येतं. दर वेळी पाजळताना थोडं पोलाद जातं, धार वर सरकते आणि पात्याच्या जाड भागात जाऊन बसते. पाठ २.२ मिमी आणि पात्याची उंची ४८ मिमी असेल, उतार सरळ धरला, तर ३ मिमी उंची झिजल्यावर धारेमागची जाडी जवळपास ०.१४ मिमीने वाढते. आकडा किरकोळ वाटतो, पण चांगल्या पातळ सुरीची मुळातली जाडीच तिथे ०.२ मिमीच्या आसपास असते.

हे मोजायला मायक्रोमीटर लागत नाही. दोन्ही बाजूंनी १५ अंशांवर पाजळत असाल, तर धारेलगत जी चकाकती पट्टी दिसते तिच्या रुंदीच्या साधारण निम्मी मागची जाडी असते. पट्टी ०.४ मिमी, म्हणजे जाडी ०.२. पट्टी १ मिमी झाली, म्हणजे जाडी अर्ध्या मिमीवर गेली. एवढी रुंद पट्टी दिसत असेल तर नवा निसणा घेऊ नका, सुरी पातळ करायला घ्या.

दोन कामांत फरक किती?

पाजळणं हे पंधरा मिनिटांचं काम. ४८ मिमी उंचीच्या पात्याची पाठ निसण्यापासून साडेबारा मिमी उचलली की १५ अंश होतात. १००० नंबरच्या निसण्यावर एका बाजूने 'बर' येईपर्यंत, म्हणजे कडेला पोलादाची बारीक झालर उलटेपर्यंत घासायचं, मग दुसरी बाजू, मग हलक्या हाताने ती झालर काढायची. चूक झाली तर पुढच्या वेळी सुधारता येते.

पातळ करताना पाठ जेमतेम अडीच मिमी उचलायची, म्हणजे कोन तीनेक अंशांचा. पातं जवळजवळ आडवंच असतं आणि घासायचं ते धारेच्या वरचं अंग, म्हणजे पात्याची सपाट बाजू. पहिल्यांदा करताना दोन-तीन तास धरून चाला. बाजूंवर ओरखडे येणार, सुरीचं नवेपण जाणार. दमास्कसची, म्हणजे पोलादाच्या थरांची लाटांसारखी नक्षी असेल तर घासलेल्या भागातून ती पुसट होते आणि परत हवी तर फेरिक क्लोराइड या रसायनाने उठवावी लागते. ज्यांना सुरी भिंतीवर शोभेला लावायची आहे त्यांनी या फंदात पडू नये.

धार नुसती बोथट झाली असेल आणि पट्टी अजून अरुंद असेल तर पाजळणंच बरोबर. गाजर, रताळं, लाल भोपळा यांत सुरी पाचर मारल्यासारखी अडकत असेल तर पातळ करणं. आणि त्याच सुरीने कोंबडीची हाडं तोडत असाल, नारळ फोडत असाल, तर पातळ करूच नका. धारेचे कपचे उडतील. त्या कामाला वेगळा सुरा ठेवा.

पोलाद कुठलं, यावर बरंच ठरतं

शिरोगामी किंवा आओगामी हे जपानमधल्या यासुगीचं कार्बन पोलाद. त्याचा गाभा आणि भोवती मऊ लोखंडाचं आवरण असेल, तर पातळ करण्याइतकं सुखाचं काम नाही. बहुतेक घासणं मऊ लोखंडातूनच होतं. फक्त उघडं झालेलं लोखंड लगेच गंजतं. मध्येमध्ये पुसत राहा.

व्हीजी-१० या जपानी स्टेनलेस पोलादाच्या सुऱ्यांवर बहुधा स्टेनलेसचं आवरण असतं. ते चिवट. निसण्याला चिकटतं, त्याची छिद्रं बुजवतं आणि मग सुरी नुसती घसरते. एसजी२, एचएपी४०, झेडडीपी-१८९ या अतिकठीण जपानी पोलादांच्या गाभ्याची कठीणता रॉकवेल सी मापात ६२ ते ६७ च्या घरात. गाभ्यापर्यंत पोचल्यावर घाम निघतो. एचएपी४० मधले व्हॅनेडियम कार्बाइडचे बारीक कण तर साध्या निसण्यातल्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण. तिथे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी पैसे वसूल करते. साध्या शिरोगामीसाठी मात्र हिऱ्यावर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही.

जर्मन सुरी मऊ, ५५-५८ रॉकवेलची. थोडी पातळ केली तर तीही छान चिरते, पण जपानी सुरीइतकी पातळ केली तर धार दुमडते.

कशाने घासायचं?

माझी पसंती २२० ते ४०० नंबरच्या जाड्याभरड्या पाण्याच्या निसण्याला. कापतो चांगला, ओरखडे १००० वर बऱ्यापैकी निघतात. खोट एकच, तो मधोमध खोलगट होतो. सपाट करण्यासाठी दुसरं काहीतरी हवंच, आणि खोलगट निसण्यावर सुरीचं अंग सरळ उतरत नाही.

हिऱ्याची पट्टी सपाट राहते, चिवट स्टेनलेसलाही दाद देत नाही. पण १४० नंबरच्या पट्टीचे ओरखडे इतके खोल, की ते काढण्यात वाचलेला वेळ परत जातो. जोर लावला तर हिऱ्याचे कण उखडतात.

सगळ्यात स्वस्त मार्ग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो: काळा वॉटर पेपर, सपाट काचेवर ओला करून चिकटवलेला. त्यात सिलिकॉन कार्बाइड असतं, ते झपाट्याने कापतं. सुरी नेहमी पाठीच्या दिशेने ओढायची, धारेच्या दिशेने ढकलली की कागद फाटतो. कागद भराभर झिजतो, त्यामुळे दर वर्षी दोन-तीन सुऱ्या करणार असाल तर निसणाच परवडतो. एकदाच करून बघायचं असेल तर कागद.

दुसऱ्याला द्यायचं? सायकलच्या चाकावर धार लावणारा विळीसाठी, मटणाच्या सुऱ्यासाठी उत्तम. कोरड्या चाकावर जपानी कार्बन पोलादाची सुरी मात्र देऊ नका. मी दिली होती. ठिणग्या बघून बरं वाटलं; नंतर टोकाकडची धार आठवडाभर टिकेना. या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कठीण केल्यावर, ते साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवलेलं असतं. पातळ कड त्यापुढे तापली की पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. निळी झाक दिसायला ३०० अंशांच्या आसपास जावं लागतं, म्हणजे निळं पडलं नाही यावरून सुरी वाचली असं ठरत नाही. सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानमधल्या साकाई शहरातले कारागीरही चाकावरच पातळ करतात, पण ते चाक सतत ओलं असतं. एखाद्या धारवाल्याकडे द्यायचीच असेल तर दोनच प्रश्न विचारा: पाणी सोडता का, आणि अंग उतरवता की फक्त कड?

पहिली सुरी स्वतः करणार असाल तर महागड्या सुरीपासून सुरुवात करू नका. घरातली जुनी स्टेनलेस सुरी घ्या, अंगावर मार्करने रंग द्या आणि रंग कुठून जातो ते बघत घासा. अंग उतरवताना धारेपर्यंत पोचलात तर कड कागदासारखी होते, म्हणून शेवटी १५ अंशांवर चार-सहा हलके हात मारून छोटी पट्टी परत आणा. आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी गाजर चिरून बघा, 'कट्' आवाज बंद झाला की थांबा. अर्धा किलो गाजर तरी आणून ठेवा. त्या दिवशी घरात कोशिंबीर ठरलेली.