विक्स की वर्डप्रेस? बेळगावच्या शहापुरातल्या साडी दुकानासाठी

चार-पाच पानांची वेबसाइट हवी आणि कोडिंगचा गंध नाही, तर माझ्यापुरती दोनच नावं उरतात.

विक्समध्ये फोटो उचलायचा, हवा तिथं ठेवायचा. होस्टिंगही, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायची जागाही, त्यांचीच. फुकटच्या योजनेत मात्र त्यांची जाहिरात झळकते नि स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) जोडता येत नाही. पण खरी मेख वेगळीच: तयार साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. भाड्याच्या गाळ्यात सागवानी कपाटं ठोकून बसवावीत तसं. गाळा सोडला की कपाटं तिथंच.

वर्डप्रेस २००३ पासूनचं, मुक्त परवान्याचं. होस्टिंगचा खर्च आपला, अपडेट-बॅकअपची कटकटही आपलीच. २०१८ च्या ५.० आवृत्तीत ब्लॉक एडिटर आला, तेव्हापासून पानं डोळ्यांसमोर रचता येतात. विक्सइतका हात मोकळा नाही, हे खरं.

बेळगावचं गिऱ्हाईक मराठी नि कन्नड दोन्ही. विक्स नि वर्डप्रेस, दोन्हींत दोन भाषांची सोय होते. वर्डप्रेसला पॉलिलँगसारखं प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लागतं. (कन्नड मजकूर शेजाऱ्याकडून तपासून घ्या, यंत्रावर सोडू नका.)

या लग्नसराईपुरतीच साइट हवी तर विक्स. वर्षानुवर्षं चालवायची तर मी वर्डप्रेसच घेईन, पहिला महिना डोकं धरून बसावं लागलं तरी.