चौरस इंचाच्या दराने फोटोप्रिंट विकताना : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिने सरसकट चौरस इंचाला ₹१० हा दर चालवला. सांगायला सोपा: ८×१२ चे ₹९६०, १२×१८ चे ₹२१६०, १६×२४ चे ₹३८४०, २०×३० चे ₹६०००. मधल्या मापाला तो नीट बसतो, दोन्ही टोकांना मात्र फसतो. फाइल तयार करणं, चाचणी प्रिंट काढून रंग जुळवणं, पॅकिंग, ही मेहनत लहान प्रिंटलाही तेवढीच पडते आणि ₹९६० मध्ये ती निघत नाही. वर २०×३० चा आकडा ऐकून गिऱ्हाईक ८×१२ वर उतरतं, म्हणजे नेमकं तोट्याच्या मापावर.

आता ₹८०० स्थिर, वर चौरस इंचाला ₹६. त्याच मापांचे झाले ₹१३७६, ₹२०९६, ₹३१०४ आणि ₹४४००. हा हिशेब ३०८ जीएसएम (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाच्या) कॉटन कागदाचा. लस्टर, म्हणजे हलकी चमक असलेल्या कागदाला स्थिर रक्कम तीच ठेवावी, फक्त इंचाचा दर उतरवावा.

मापं मात्र हीच चार ठेवावीत, कारण बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांची फ्रेम ३:२ ची. कुणी ८×१० मागितला की लांबीतले दोन इंच, म्हणजे चित्राचा सहावा हिस्सा कापावा लागतो. २४ मेगापिक्सेलची ६०००×४००० ची फाइल १२×१८ ला इंचाला ३३३ पिक्सेल देते, २०×३० ला २००. भिंतीवर, चार-पाच फुटांवरून २०० पुरतात. हातात धरून बघितलं की कमी पडतात.

सगळ्यात जास्त नडतो तो ए-३ प्लस कागद. तो साधारण १३×१९ इंचांचा, त्यामुळे १२×१८ छापला की चारी बाजूंना जेमतेम अर्धा इंच कोरा उरतो. खाली केलेली सही थेट माउंटखाली, म्हणजे फ्रेममध्ये प्रिंटभोवती बसवलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली जाते. सही दिसायला हवी असेल तर ११×१६.५ छापा: गुणोत्तर तेच, आडव्या प्रिंटला वर-खाली एक-एक इंच आणि डावी-उजवीकडे सव्वा-सव्वा इंच मिळतो. चौरस इंच कमी भरले तरी दर १२×१८ चाच लावा, कागद तेवढाच लागतो.

गॅलरीचं कमिशन ४० टक्के असेल तर किमतीत ४० टक्के मिळवू नका. ₹२१०० चे ₹२९४० होतात, आणि कमिशन जाऊन हातात उरतात ₹१७६४. ०.६ ने भागा: किंमत ₹३५००, हातात पूर्ण ₹२१००. फ्रेमचा खर्च वेगळा लिहा. फ्रेमची पट्टी फुटाच्या दराने येते, चौरस इंचावर नाही.