सीडीसीचं ‘माइलस्टोन ट्रॅकर’ अ‍ॅप: बोलण्याच्या रकान्यावर किती विसंबावं?

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचं हे मोफत अ‍ॅप. २ महिने ते ५ वर्षं या वयातल्या वाढीच्या टप्प्यांच्या याद्या त्यात आहेत. प्रत्येक टप्प्यापुढे ‘हो’, ‘खात्री नाही’ किंवा ‘अजून नाही’ असं उत्तर द्यायचं. सोबत फोटो-व्हिडिओ असल्यामुळे नेमकं काय बघायचं ते कळतं. मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर वयाचा हिशेब अ‍ॅपच जुळवून घेतं, आणि भरलेल्या यादीचा गोषवारा डॉक्टरांना पाठवता येतो. भाषा मात्र दोनच, इंग्रजी आणि स्पॅनिश. आजीच्या हातात फोन देऊन ‘भरा’ म्हणायची सोय नाही, आणि दिवसभर बाळ बहुधा तिच्याचपाशी असतं.

नोंदवही म्हणून अ‍ॅप उत्तम. बोलण्यातली अडचण वेळेत पकडायला मात्र ते अपुरं पडतं. २०२२ मध्ये याद्या बदलल्या, तेव्हा त्या वयाची ७५ टक्के किंवा जास्त मुलं जे करतात तेच त्या वयाच्या यादीत ठेवायचं ठरलं. हेतू रास्त होता: टप्पा चुकला तर ‘थांबून बघू’ म्हणायला वाव उरू नये. १५ आणि ३० महिन्यांच्या नव्या याद्याही तेव्हाच आल्या. पण या बदलात साधारण ५० शब्दांचा टप्पा ३० महिन्यांच्या यादीत आला. वाचा-उपचारतज्ज्ञ कित्येक वर्षं हाच आकडा दोन वर्षांना धरत आले आहेत.

दोन वर्षांच्या यादीत शब्दांची संख्या विचारलेलीच नाही. बोलण्याबद्दल दोन शब्द जोडतं का, एवढंच विचारलंय. इथेच घोळ होतो. ‘टाटा बाय-बाय’ किंवा ‘काय झालं’ ऐकून पालक ‘हो’ दाबतात. हे तुकडे मुलाने अख्खे उचललेले असतात, त्याने स्वतः जोडलेले नसतात. ‘आजी ये’, ‘बाबा गेला’, ‘अजून दूध’ असं जुळवलं तरच ‘हो’. शब्द मोजताना ‘भू भू’, ‘मम्मं’ हेही धरा, फक्त ते दर वेळी त्याच वस्तूसाठी यायला हवेत. पाठ झालेले आकडे, बडबडगीतं आणि कार्टूनमधली वाक्यं धरू नका. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजा. मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आणखी एक गोष्ट मराठीपुरती: ३० महिन्यांच्या यादीत ‘मी’सारखे शब्द विचारलेत, पण मराठीत ‘मी’ गाळूनही ‘जातो’, ‘देते’ चालतं. त्याऐवजी ‘माझं’, ‘मला’ येतंय का ते बघा.

अ‍ॅपमधली सगळ्यात मोलाची ओळ बोलण्याबद्दलची नाहीच, बोटाबद्दलची आहे. १५ महिन्यांना मूल हवी ती वस्तू मागायला बोट दाखवतं का, आणि १८ महिन्यांना नुसतं ‘बघ ना’ म्हणून बोट दाखवतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बिस्किटाकडे बोट करणारं, पण खिडकीतलं विमान कुणालाही न दाखवणारं मूल दुसऱ्यात नापास होतं. शब्द थोडे, पण बोट, मान, हातवारे भरपूर आणि सांगितलेलं कळतंय, असं मूल सहसा कमी काळजीचं. शब्दही नाहीत, खुणाही नाहीत आणि ‘बूट आण’ हे हाताने न दाखवता सांगितलं तर कळत नाही, असं १८ महिन्यांचं मूल दिसलं तर पुढच्या यादीची वाट बघू नका. येत असलेले शब्द गेले तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर.

ऐकण्याच्या बाबतीत अ‍ॅप तोकडं आहे. मोठ्या आवाजाला दचकणं हा २ महिन्यांचा टप्पा आहे, पण ताट पडल्यावर दचकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’सारखे उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नसू शकतात. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं. बोलणं मागे पडलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

‘त्याचे बाबाही उशिराच बोलले’ याला अ‍ॅपमध्ये रकाना नाही, पण डॉक्टरांना ते जरूर सांगा. घरातले लोक हे धीर द्यायला म्हणतात. प्रत्यक्षात ती जोखमीची खूण असते.

‘अजून नाही’ आलं म्हणजे निदान झालं असं नव्हे. अ‍ॅपमधली यादी म्हणजे चाळणी चाचणीसुद्धा (कुणाला पुढची तपासणी हवी ते ठरवणारी प्राथमिक चाचणी) नाही, हे सीडीसीच सांगते. अमेरिकेत ३ वर्षांखालच्या मुलासाठी राज्याच्या ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ (वाढ मागे पडलेल्या लहान मुलांना लवकर मदत) विभागाला पालक थेट फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि मूल्यमापन मोफत असतं. महाराष्ट्रात अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा, ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग ही राष्ट्रीय संस्था आहे. खासगी तज्ज्ञ गाठलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा (अशा तज्ज्ञांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) नोंदणी क्रमांक विचारून घ्या. जाताना अ‍ॅपचा गोषवारा न्याच, पण त्याहून उपयोगी पडेल तो घरी खेळताना काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, कारण अनोळखी खोलीत बरीच मुलं तोंडच उघडत नाहीत.