रिपोर्ट माझा, मिरची कुणाची?

यंदा मिरची ओली न विकता शेतातच पथारी टाकून वाळवली. 12 क्विंटल निघाली. नंदुरबारला 14 हजारांचा भाव चालू असताना एक व्यापारी थेट खळ्यावर आला. "माल युरोपला जातो, साडेपंधरा देतो." आणि मी भुललो.

वरच्याच एका पोत्यातून त्याने ओंजळभर मिरची पिशवीत घेतली. "अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीतून तयार होणारं विष, तपासावं लागतं." थोडा विसार दिला आणि त्याच दिवशी गाडी भरून नेली.

आठ दिवसांनी फोन. "दादा, माल फेल. 12.4 आलं, 10च्या आत लागतं. असला विषारी माल कुठंच विकत नाही. 9 हजारांनी ठेवतो, नाहीतर भाडं भरा आणि घेऊन जा." सोबत लॅबच्या रिपोर्टचा फोटो.

आता खरं सांगतो. पथारीवर अवकाळीचा एक शिंतोडा पडला होता. कोपऱ्यातल्या काही मिरच्या फोडल्या तेव्हा आत बियांवर करडी बुरशी दिसली होती. तरी वेचून टाकल्या नाहीत. चोराच्या मनात चांदणं! गप्प बसलो, पैसे घेतले.

शेजारच्या नानांनी फोटो पाहिला. "भो, यावर तारीख कोणती शे?" नमुना लॅबला पोचल्याची तारीख गाडी भरायच्या नऊ दिवस आधीची. तेव्हा माझी मिरची पथारीवर होती!

नंतर चौकशी केली. 10 म्हणजे किलोमागे 10 मायक्रोग्रॅम, ही मर्यादा युरोपची. आपल्याकडे मसाल्यांना 30 पर्यंत चालतं. म्हणजे 12.4 खरं धरलं तरी माल इथं कायद्यानं विकता आला असता. शिवाय बुरशी सगळ्या मालात सारखी नसते. चार मिरच्यांत ठासून, बाकीच्या कोऱ्या. म्हणून नमुना बऱ्याच पोत्यांतून थोडा थोडा काढून, एकत्र दळून तपासतात. ओंजळभर मिरचीवरून काय कळणार?

नियमावर माझा राग नाही. ते विष यकृताचा कॅन्सर करतं आणि फोडणीत जळूनही जात नाही. पण असा सौदा करणार असाल तर नमुना दोघांसमोर काढा, सील करून अर्धा घरी ठेवा, आणि फेल झाला तर भाव काय, हे गाडी भरण्याआधी लिहून घ्या.

परवा बाजार समितीत शहाद्याकडचा एक शेतकरी भेटला. त्याच्या मोबाइलवरही रिपोर्ट होता. तीच तारीख, तेच 12.4.